दिसेल तेवढंच सांगायचं

ईडन प्रेरीच्या आमच्या मराठी मंडळात दोन हृदयाचे डॉक्टर आहेत, एक हाडांचा आहे, पीएचडीवाले तर खुर्च्या अपुऱ्या पडाव्यात इतके आहेत. पण गर्दीत कुणी नुसती ‘डॉक्टरकाकू’ अशी हाक मारली की सगळ्या माना एकाच बाईकडे वळतात. शोभनाकाकू. बुटक्या, रुंद मनगटांच्या, केस कानाच्या वर कापलेले. गणपतीच्या आरतीतसुद्धा लोक त्यांना गाठतात.

"काकू, आमच्या ब्रूनोनं चॉकलेट खाल्लं हो!"

"कसलं? किती?"

"डेअरी मिल्क. अर्धा बार."

"आणि ब्रूनो केवढा?"

"हा एवढा. सोफा भरतो."

"मग काही होत नाही त्याला." आणि लगेच, जीभ चावल्यासारखं, "डॉक्टरला फोन कर."

"अहो, तुम्हीच डॉक्टर ना!"

"मी नाही. फोन कर."

आणि काकू पुन्हा टाळ्या वाजवायला लागतात, गरजेपेक्षा जरा जोरात.

परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून त्या वर्गात दुसऱ्या आलेल्या. त्यानंतर हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात तीन वर्षं पशुधन विकास अधिकारी. टेबलावर पितळी घंटी, दारात त्यांच्या नावाची पाटी, पाटीवर ‘डॉ.’ मग प्रल्हादकाकांशी लग्न, काकांची आयटीतली नोकरी, मिनेसोटा. इथे जनावरांची डॉक्टरकी करायची तर बाहेरच्या पदवीला परीक्षांची लांबलचक शिडी चढावी लागते. काकू तीन पायऱ्या चढल्या. चौथीच्या तोंडाशी ईशान झाला, दोन महिने आधी. तो धड श्वास घ्यायला लागेपर्यंत मागच्या पेपरांची मुदत संपून गेली. पुन्हा पहिलीपासून चढायचं बळ राहिलं नाही. त्याबद्दल काकूंचं एकच वाक्य आहे : "राहिलं ते."

एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी टेक्निशियनची परीक्षा दिली. माणसांच्या इस्पितळात नर्स असते तशी जनावरांच्या इस्पितळात टेक्निशियन. रक्त काढायचं, एक्स-रे काढायचे, भूल द्यायची, दात घासायचे, शुद्धीवर येणाऱ्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं. सगळं करायचं, फक्त रोगाचं नाव घ्यायचं नाही, औषध ठरवायचं नाही, सुरी लावायची नाही. ते डॉक्टरचं.

प्रल्हादकाका सदाशिव पेठेतले, त्यांना गप्प बसवत नाही. फॉर्म पाहून म्हणाले, "म्हणजे सर्जननं वॉर्डबॉयचा अर्ज करायचा?"

"नर्सचा," काकू म्हणाल्या. "आणि भरतेय मी. तू चहा टाक."

पहिल्या फटक्यात पास झाल्या. मग घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात टेक्निशियन घडवायला लागल्या. अर्धवेळ. दर सत्राला नवीन पत्र, दर सत्राच्या शेवटी टेबल रिकामं. अशी अकरा वर्षं.

त्या कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये एक भिंत आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आमचे शिक्षक नाना वाटांनी इथे आले. खाली फोटो. डेरेक : लष्करातल्या कुत्र्यांसोबत दोन युद्धं. दुसरी एक बाई प्राणिसंग्रहालयात पेंग्विनना डोळ्यांचे थेंब घालत असे. तिसरा रेसच्या घोड्यांच्या पागेत वाढला. विभागप्रमुख मर्लिस : ऐंशी गायींच्या गोठ्यातली चौथी पिढी. काकूंनी स्वतःबद्दल पंधरा ओळी लिहून दिल्या होत्या. परभणी, हिंगोली, लाळ्या-खुरकुताची लसीकरणं, एका पावसाळ्यात चार हजार जनावरं. भिंतीवर उतरल्या त्या दोन ओळी. ‘शोभना : भारतात मोठ्या जनावरांबरोबर काम. आवड : स्वयंपाक.’

"स्वयंपाक?" मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचारलं.

"जागा उरली होती म्हणे," काकू म्हणाल्या.

त्यांच्या घरी पोळ्या काका लाटतात. काकूंना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, एवढंच. त्याच स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. सांगताना त्या प्रत्येकाचा आवाज काढतात, मर्लिसचा नाकातून, रुहीचा घाईतला. एकाच माणसाचा आवाज काढताना त्या खुर्चीवरून उठतात आणि जरा वाकून उभ्या राहतात. तो गंगाधर.

गंगाधर पोले हा हिंगोलीकडच्या त्या दवाखान्यातला पट्टीबंधक. पद खरंच असतं तसं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर धरायचं. काकू तिथे रुजू झाल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या, तो पन्नाशीचा. पोट फुगलेला बैल आला की तो बैलाच्या पोटाला सुतळी गुंडाळायचा आणि जिथे टोकं भेटतात तिथे गाठ मारायचा. अर्ध्या तासानं पुन्हा गुंडाळायचा. गाठ पोचली नाही की सुतळी काकूंच्या टेबलावर आणून ठेवायचा. तोंडानं काही नाही. त्यानं रोगाची नावं घेतलेली काकूंना आवडायची नाहीत.

एकदा एक म्हैस आली, अडलेली. रात्रभर कळा देऊन दमलेली.

"मॅडम," गंगाधर म्हणाला, "पीळ पडल्यावानी वाटतंय आत. एकदा हात घालून बघता का?"

"कळा कमी पडतायत. इंजेक्शन काढ."

"काढतो. पर आधी एकदा हात..."

"गंगाधर!" म्हशीचा मालक, त्याची बायको, दारातले चार बघे, सगळ्यांसमोर. "डॉक्टर कोण? तू की मी?"

"तुम्हीच की, मॅडम."

त्यानं इंजेक्शन भरून दिलं. कळा वाढवायचं. गर्भपिशवीला पीळ असताना कळा वाढवल्या की काय होतं ते पुस्तकात लिहिलेलं होतं, काकूंना ते पाठही होतं. तासाभरात म्हैस गेली. नंतर काकूंनी हात घातला तेव्हा पीळ बोटांना लागला. पिळून ठेवलेल्या धुण्यासारखा.

नोंदवहीत त्यांनी लिहिलं, ‘जनावर उशिरा आणले.’ मालक गंगाधरकडे बघत होता. गंगाधर त्याला म्हणाला, "मॅडमनं समदं केलं बघा."

संध्याकाळी दवाखाना बंद करताना काकूंनी विचारलं, "तुला कळलं होतं ना?"

गंगाधर बादली उपडी घालत होता. म्हणाला, "आमाला काय कळतंय, मॅडम. आमी पट्ट्या बांधणारी मानसं."

हे सांगून झालं की काकू पुन्हा खुर्चीवर बसतात.

या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रल्हादकाकांची नोकरी गेली. सोळा वर्षांची नोकरी, पंधरा मिनिटांची मीटिंग. काकांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, आणि अमेरिकेत हृदयाचा विमा नोकरीला बांधलेला असतो. तो ऑगस्टपर्यंत रेटता येणार होता. पुढे काय, ते दोघं बोलत नव्हते. काका सकाळी उठून लॅपटॉपपुढे बसायचे, शर्ट इस्त्रीचा, खाली पायजमा.

आणि मार्चमध्ये कॉलेजात पूर्णवेळ जागा निघाली. पर्मनंट. विम्यासकट. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मर्लिसनं काकूंना केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं. "जागा तुझी आहे, शोभना. माझं मत तुला आहे."

"थँक यू."

"पण एक कागद आडवा येतोय." तिनं फाइल उघडली. मागच्या सत्रातल्या एका विद्यार्थ्याचा शेरा होता. शोभना डॉक्टरसारखी बोलते. एका मांजराचे कान बघून तिने रोगाचं नाव सांगितलं, डॉक्टर खोलीत यायच्या आधी.

"नाव बरोबर होतं," काकू म्हणाल्या.

"बरोबर होतं हाच प्रॉब्लेम आहे. तू टेक्निशियन शिकवतेस. त्यांनी तुझ्याकडे बघून हद्द शिकायची. दिसेल ते सांगायचं, नाव डॉक्टरनं घ्यायचं." मर्लिस वाईट बाई नव्हे. गोठ्यातली आहे, स्पष्ट बोलते. "तुझ्या डेमो क्लासचा विषय समितीनं तोच दिलाय. टेक्निशियनच्या कामाची हद्द. समिती त्या दिवशी तुझी लॅबही बघणार. पुन्हा असं झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही."

घरी काकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"तोंड बंद ठेव म्हणाली."

"तुला? तिला सांग, मी पंचवीस वर्षं ट्राय करतोय."

दोघं हसले. मग काकांनी गोळ्यांचा डबा उघडून दुपारचा कप्पा रिकामा केला, आणि हसू तिथेच थांबलं.

समितीत तिघी होत्या. मर्लिस, ऑफिसातली एक बाई, आणि रुही.

रुही आमच्याच मंडळातली. मेपल ग्रोव्हमध्ये वाढली, रविवारच्या मराठी शाळेत काकूंच्या हाताखाली बाराखडी गिरवली. अकराव्या वर्षी तिच्या हॅमस्टरला गळू झालं तेव्हा काकूंनी तिच्या हातात कापूस देऊन ते तिलाच साफ करायला लावलं होतं. पुढे जनावरांच्या डॉक्टरकीला अर्ज करताना तिनं निबंधात तीच गोष्ट लिहिली. आता ती एकोणतीस वर्षांची, लायसन्सवाली डॉक्टर. याच कॉलेजात गेल्या वर्षीपासून. लॅबमध्ये ऑपरेशन ती करते, नाव ती घेते, सही ती करते.

तिच्या तोंडून एकदा मीटिंगमध्ये ‘मावशी’ निसटलं होतं. ऑफिसातल्या बाईनं कौतुकानं अर्थ विचारला. रुहीनं सरळपणे सांगितला : आईची बहीण. दुसऱ्या दिवशी तिला फॉर्म आला. नातेवाईक असल्यास जाहीर करा. चार ईमेल लागले पटवायला, की आमच्यात आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला मावशी म्हणतात. बाईला ते पूर्ण पटलं नाहीच.

म्हणून डेमोच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्ये रुही म्हणाली, "मावशी, उद्या प्लीज नो मराठी, हं? दे आर ऑलरेडी वॉचिंग. त्यांना वाटेल मी फेवर करतेय."

"बरं, डॉक्टर."

"मावशी! असं नका ना बोलू."

"अगं, बरोबरच बोलले. तू डॉक्टर आहेस."

एप्रिलचा दुसरा आठवडा. पार्किंगच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग. सकाळी बेवारस जनावरांच्या शेल्टरमधून तीन कुत्र्या आल्या, नसबंदीसाठी. दोन सुरळीत झाल्या. तिसरी पेनी, तपकिरी, एक कान मुडपलेला, गळ्यात चिठ्ठी : शनिवारी एक कुटुंब न्यायला येणार. रुहीनं तिचं ऑपरेशन सव्वाबाराला संपवलं. काचेपलीकडे समितीतल्या बाकी दोघी उभ्या होत्या, त्यामुळे जरा घाईत, जरा ताठ मानेनं. हातमोजे काढून ती हात धुवायला गेली.

रिकव्हरीच्या खोलीत पेनीजवळ हॉदन बसली होती. हॉदन काकूंची विद्यार्थिनी, चौतीस वर्षांची, सोमाली, दोन मुलांची आई. लहानपणी शेळ्यांमागे हिंडलेली. बाकीचे विद्यार्थी मॉनिटरकडे बघतात, हॉदन जनावराकडे बघते.

"शोभना," ती म्हणाली. इथे विद्यार्थी शिक्षकांना नावानंच हाक मारतात. "हिच्या हिरड्या बघ."

काकूंनी पेनीचा ओठ उचलला. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका लगेच गुलाबी व्हायला हवा. तो होईना. काकूंनी मनात तीन मोजले. मांडीच्या आतल्या नाडीवर बोटं ठेवली. वेगात, पण धाग्याएवढी बारीक. पंजे गार.

मग त्यांनी एक काम केलं. ड्रॉवरमधून बँडेजची पट्टी काढली, पेनीच्या पोटाभोवती गुंडाळली आणि टोकं भेटली तिथे पेनानं खूण केली.

"हे कशाला?" हॉदननं विचारलं.

"सवय आहे."

त्या रुहीकडे गेल्या. ती समितीतल्या दोघींशी बोलत होती. "डॉक्टर, पेनीच्या हिरड्या फिकट आहेत. ठिपका भरायला तीन सेकंद. नाडी एकशे सत्तर, बारीक. पंजे गार." अगदी पुस्तकाप्रमाणे. दिसलं तेवढं.

"वेदनाशामक जास्त लागलं असेल, शी इज स्लो टू वेक," रुही म्हणाली. "फ्लुइड्स वाढव, ब्लँकेट दे."

मर्लिसनं कागदावर खूण केली. चांगली खूण असावी, तिनं मान हलवली.

काकूंनी फ्लुइड्स वाढवले, ब्लँकेट दिलं. वीस मिनिटं गेली. पट्टी पुन्हा गुंडाळली. पेनानं केलेली खूण टोकापर्यंत पोचेना. दोन बोटांचं अंतर.

इथे काकू मला म्हणाल्या, "तुला कळतंय ना? आत रक्तवाहिनीला बांधलेली गाठ सुटली होती. पोटात रक्त साठत होतं. शेंबड्या पोराला कळलं असतं."

मला कळलं नसतं. पण काकूंना कळलं होतं. नाव जिभेवर होतं, तीन शब्दांचं वाक्य. रक्तस्राव आहे. उघड. एवढंच.

त्या दुसऱ्यांदा गेल्या. "डॉक्टर, पोटाचा घेर वाढलाय. वीस मिनिटांत दोन बोटं. हिरड्या जास्त फिकट."

"गॅस असू शकतो." रुहीची नजर काकूंच्या खांद्यावरून पलीकडे, ऑफिसातल्या बाईकडे. "आफ्टर द डेमो मी बघते. इट्स ऑलमोस्ट वन."

काकू हलल्या नाहीत. मग, हळूच, ओठ न हलवता म्हणाल्या, "रुही, एकदा हात लावून बघ गं बाळा."

रुहीचा चेहरा लालबुंद झाला. "इंग्लिश, प्लीज," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ऑफिसातल्या बाईनं मान वर केली. मर्लिसनं काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत फाइल होती, मांजराचे कान होते, ऑगस्ट होता.

"सॉरी, डॉक्टर," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "मी म्हटलं, पेशंटला तपासावं अशी विनंती आहे."

"नोटेड."

आणि एक वाजला.

डेमो क्लास उत्तम झाला. हे मला काकूंनी नाही, नंतर मर्लिसच्या पत्रानं सांगितलं. काकांनी ते फ्रिजवर लावलंय. काकूंनी फळ्यावर दोन रकाने काढले होते. डावीकडे ‘दिसतं ते’, उजवीकडे ‘नाव’. विद्यार्थ्यांना त्या उदाहरणं देत होत्या. कान लाल आहे, हे डावीकडे. कानाचा संसर्ग आहे, हे उजवीकडे. पाय टेकवत नाही, डावीकडे. पाय मोडलाय, उजवीकडे.

"आणि डॉक्टरनं ऐकलं नाही तर?" मागून एकानं विचारलं.

"पुन्हा सांगायचं. तेच. दिसतं ते."

"आणि पुन्हा ऐकलं नाही तर?"

काकूंचा खडू फळ्यावर टेकलेला होता. त्या म्हणाल्या, "वेळ लिहून ठेवायची. किती वाजता सांगितलं ते."

ऑफिसातल्या बाईनं हे लिहून घेतलं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी हॉदन वर्गाच्या दारात आली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि रुहीला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला रिकव्हरीत बोलावलंय." आवाज वर नाही, खाली नाही. रुही उठून पळाली.

काकूंनी क्लास संपवला. सात मिनिटं उरली होती, ती पूर्ण केली.

त्या रिकव्हरीत पोचल्या तेव्हा पेनी टेबलावर उघडी होती आणि रुहीचे कोपरापर्यंत हात लाल. भूलयंत्रावर डेरेक होता. तो काकूंकडे बघून मान हलवत म्हणाला, "टू लेट." लष्करातला माणूस, त्याला अंदाज असतो. गळ्यातली शनिवारची चिठ्ठी कुणीतरी काढून ट्रेमध्ये ठेवली होती.

संध्याकाळी पार्किंगमध्ये रुही काकूंच्या गाडीला टेकून रडत होती. आता कुणी ऐकणारं नव्हतं.

"मावशी, इट वॉज सडन, ना? आय मीन, कुणाला... कुणाला कळलंच नसतं ना?"

काकूंच्या स्वेटरच्या खिशात ती पट्टी होती. खूण केलेली. त्यांनी खिशातच ती बोटाला गुंडाळली.

"तू सगळं केलंस," त्या म्हणाल्या. "सगळं केलंस, बाळा."

रुहीनं त्यांना मिठी मारली. रिपोर्टमध्ये तिनं लिहिलं, अचानक गुंतागुंत. खाली टेक्निशियनची सही लागते. काकूंनी केली.

मे महिन्यात पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं, अत्यंत ताणाच्या प्रसंगातही उमेदवाराने आपल्या कामाची हद्द अनुकरणीय रीतीने पाळली. समितीचं मत एकमुखी होतं. विमा एक ऑगस्टपासून.

काकांनी शिरा केला. मंडळातल्या नीलांबरीकाकू पेढे घेऊन आल्या. "डॉक्टरकाकू पर्मनंट झाल्या, पार्टी पाहिजे!" असा व्हॉट्सॲपवर एकच गलका. रुहीनं तीन हार्ट टाकले. त्या दिवशी काकू शिऱ्याची वाटी घेऊन गॅरेजमध्ये जाऊन बसल्या. काका दार उघडून म्हणाले, "अगं, आनंद घरात करायचा असतो."

"येते."

"काय झालंय तुला?"

"काही नाही. गंगाधरची आठवण आली."

"कोण गंगाधर?"

पंचवीस वर्षांत त्यांनी काकांना ते नाव सांगितलेलं नव्हतं.

पूर्णवेळ शिक्षकांना भिंतीवर पाच ओळी मिळतात. मर्लिस म्हणाली, या वेळी तुला हवं ते लिही, कुणी कापणार नाही. काकूंनी एकच ओळ लिहून दिली. ‘हिंगोली जिल्ह्यात श्री. गंगाधर पोले यांच्या हाताखाली जनावर बघायला शिकले.’

ऑफिसातून फोन आला. "हे पोले कुठल्या युनिव्हर्सिटीतले?"

"सरकारी."

"पदवी काय त्यांची?"

"पट्ट्या बांधायचे."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग, "धोरणाप्रमाणे भिंतीवर बाहेरच्या व्यक्तींची नावं देता येत नाहीत, शोभना. आम्ही जुनाच मजकूर ठेवू का?"

तोच आहे. भारतात मोठ्या जनावरांबरोबर काम. आवड : स्वयंपाक. फक्त फोटो नवीन, आणि नावाखाली ‘पूर्णवेळ’.

सप्टेंबरात नवीन वर्ष सुरू झालं. हॉदन आता दुसऱ्या वर्षाला. पहिल्या दिवशी क्लास सुटल्यावर सगळे गेले, ती बाकावर बसून राहिली. पुढे वही, वहीवर पेन आडवं.

"शोभना, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तू पट्टी गुंडाळलीस. पेनीला. एकदा बारा पस्तीसला, एकदा एकच्या जरा आधी. मी वेळ लिहून ठेवली होती." हॉदननं वही उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. "तुला कळलं होतं ना?"

काकू फळा पुसत होत्या. डावा रकाना पुसून झाला होता, उजवा राहिला होता. त्यांनी तोही पुसला, डस्टर झटकलं, खडूची पूड शर्टावर उडाली.

"टेक्निशियनला कळत नसतं," त्या म्हणाल्या. "टेक्निशियनला दिसतं."

हॉदन त्यांच्याकडे बघत राहिली, पेनीकडे बघायची तशी. मग तिनं वही उघडली, खाली वाकली, आणि तारीख घालून ते वाक्य लिहून घेतलं.